झेड बोसॉन, मोठे लॉग आणि माझा एमएस्सीचा प्रकल्प

एलएचसी या प्रोटॉनांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रावर तयार होणाऱ्या झेड बोसॉन या जड कणाच्या आडव्या (प्रोटॉनांच्या दिशेला काटकोनातल्या) संवेगाचं वितरण काढायचं, हा माझा प्रकल्प. झेडचं वस्तुमान ९१.१९ जीईव्ही, त्या ऊर्जेला अल्फा-एस, म्हणजे तीव्र बलाचा जोर सांगणारं कपलिंग, ०.११८. इतक्या लहान कपलिंगला त्याच्या घातांच्या मालिकेतली पहिली-दुसरी पायरी पुरेल असं कोणालाही वाटेल. सर म्हणाले, "आडवा संवेग २ जीईव्ही धर आणि नुसतं डबल लॉगचं, म्हणजे लॉगच्या वर्गाचं, पद काढ." त्या पदाचा गुणांक ०.०२५, लॉग (वस्तुमान भागिले संवेग, त्याच्या वर्गाचा) ७.६, लॉगचा वर्ग ५८. गुणाकार १.४६! दुरुस्ती मूळ उत्तरापेक्षा मोठी. म्हणजे पायरी-पायरीने जाण्यात अर्थ नाही, सगळ्या पायऱ्यांतले लॉग एकदम घातांकात घ्यावे लागतात. हेच रिसमेशन. क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये सुदाकोव्हनी हे १९५६ मध्येच दाखवलं होतं. ड्रेल-यानसाठी, म्हणजे टकरीतून झेडसारखा कण होऊन लेप्टॉनची जोडी निघते त्या प्रक्रियेसाठी, मी वापरला तो साचा कॉलिन्स, सोपर आणि स्टर्मन यांचा, १९८५चा.

साचा वाचायला सोपा आहे. जीव जातो तो जुळवणीत. मोठ्या संवेगाला साधं फिक्स्ड ऑर्डर, म्हणजे ठरावीक पायरीपर्यंतचं, उत्तर बरोबर, लहानला रिसमेशनचं. दोन्ही मिळवली की सामाईक लॉग दोनदा येतात, ते वजा करायचे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एकच व्हाउचर दोन खात्यांत चढलंय, एक नोंद उलटव." अगदी तेच.

उलटवलेली नोंद बरोबर आहे हे कसं कळणार? फिक्स्ड ऑर्डरमधून रिसमेशनचा तेवढ्याच पायरीपर्यंतचा विस्तार वजा करायचा आणि उरलेल्याला संवेगाच्या वर्गाने गुणायचं. संवेग शून्याकडे नेला की हा आकडा शून्याला आला पाहिजे. जवळपास शून्य चालत नाही. रामबागेतल्या खोलीत पंखा गरम हवा फेकत असायचा आणि मी हीच आलेखरेषा बघत बसायचे.

सरांची एक सूचना लाखमोलाची होती: रॅपिडिटी (झेड प्रोटॉनांच्या दिशेने किती वेगाने जातो त्याचं माप) शून्यावर तपासून समाधान मानू नकोस. सूत्रातल्या प्लस फंक्शनचं (एकपाशी अनंत होणारा भाग वजा केलेल्या फंक्शनचं) इंटिग्रल शून्यापासून नाही, एक्सपासून, म्हणजे टकरणाऱ्या घटकाच्या प्रोटॉनच्या संवेगातल्या वाट्यापासून, सुरू होतं, म्हणून एक वजा एक्सच्या लॉगचं, म्हणजे लॉग (१ − एक्स)चं, जादा पद उरतं. १३ टीईव्हीच्या टकरीला मध्यावर, म्हणजे रॅपिडिटी शून्यावर, एक्स ०.००७, तिथे हे पद राहिलं तरी पत्ता लागत नाही. रॅपिडिटी ३ ला एक्स ०.१४ होतो आणि तेच पद −०.१५ होतं. माझी सगळी तपासणी मी तिथेच केली.

आलेखाचं शिखर काही जीईव्हींवर आलं, जिथे यायला हवं तिथे. व्हायव्हात मात्र सगळे प्रश्न बी-मॅक्सवर. रिसमेशन थेट संवेगात नाही, बी या त्याच्या फूरिये जोडीदार अंतरात करतात; बी-मॅक्स ही त्या बीची कमाल मर्यादा. मोठ्या बीला कपलिंग फुटतं, अनंताकडे जातं, म्हणून बी तिथे अडवावा लागतो. "हा आकडा क्यूसीडीतून येतो का?" म्हणजे तीव्र बलाच्या सिद्धांतातून. नाही, तो आपण निवडतो, आणि त्याच्याबरोबरचा नॉन-परटर्बेटिव्ह, म्हणजे पायरी-पायरीने न निघणारा, भाग प्रयोगांच्या माहितीवर बसवतो. एवढं उत्तर देऊन मी पुढच्या स्लाइडवर गेले.