जिथे शून्य असायला हवं होतं

व्हर्च्युअल डिस्क जुन्या स्टोरेजवरून नव्यावर हलवणाऱ्या, म्हणजे स्थलांतराच्या, टूलने 'काम झालं' अशी हिरवी पट्टी दाखवली. व्हर्च्युअल मशीन नव्या स्टोरेजवर सुरू झालं, आतला पोस्टग्रेस हा डेटाबेसही सुरू झाला. पहिली मोठी क्वेरी लागली आणि लॉगमध्ये चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) न जुळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. डेटाबेस सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला. त्या आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चुकीच्या पानांचे क्रमांक बघा. जवळपास सगळीकडे ओळीने आठ-आठ आहेत. हे डेटाबेसचं काम नाही, तुमच्याकडचं आहे."

आठ पानं. पोस्टग्रेस डेटा पानांत ठेवतो, एक पान ८ केबीचं, म्हणजे आठ पानं ६४ केबी. व्हर्च्युअल डिस्क ठेवायच्या क्यूकाऊ-टू या फाइल-फॉरमॅटचा ठरलेला क्लस्टर, म्हणजे जागेचा एक तुकडा, बरोबर ६४ केबीचा असतो. अर्धं निदान त्या एका वाक्यात होतं आणि ते स्टोरेजवाल्यांपैकी कुणी केलेलं नव्हतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. मशीन बंद करून जुन्या स्टोरेजवर परत सुरू केलं. तिथे एकही तक्रार नव्हती. म्हणजे मूळ डेटा शाबूत होता, बिघाड कॉपीत झाला होता.

ही डिस्क २ टीबीची होती, पण प्रत्यक्षात जागा व्यापलेली फक्त ३१० जीबी. बाकी सगळी स्पार्स फाइलमधली भोकं: फाइलची लांबी मोजताना धरली जातात, जागा मात्र घेत नाहीत, वाचली तर शून्यं मिळतात. कॉपी करणाऱ्याला भोकं कुठे आहेत हे कळलं तर १ गिगाबिटच्या लिंकवर पाऊण तासात काम होतं. कळलं नाही तर तेच काम साडेचार तासांच्या घरात जातं, आणि तो बहुतेक वेळ शून्यं वाहून नेण्यात जातो.

विचारायची सोय आहे. लिनक्समध्ये २०११ सालच्या ३.१ कर्नलपासून सीक-होल आणि सीक-डेटा आहेत: या जागेपासून पुढचं भोक कुठे, पुढचा डेटा कुठे. पण मधे नेटवर्क आलं की उत्तर कोण देतो, यावर सगळं ठरतं. एनएफएस हा नेटवर्कवरून फाइली वापरायचा प्रोटोकॉल. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत असा प्रश्न सर्व्हरपर्यंत नेणारी क्रियाच नाही. ती ४.२ मध्ये आली, आरएफसी ७८६२ या मानकात, नोव्हेंबर २०१६. तिसऱ्या आवृत्तीने माउंट केलेल्या फाइलवर तुम्ही सीक-डेटा मागितलं तर एरर येत नाही. कर्नल सांगतो की सगळाच डेटा आहे, भोक फक्त फाइलच्या शेवटी. हे उत्तर सुरक्षित आहे, खोटं नाही, कारण भोकाला डेटा म्हटल्याने काही हरवत नाही, फक्त वेळ जातो. पण उत्तर देणाऱ्याला माहिती नव्हती, हे विचारणाऱ्याला कधीच कळत नाही.

इथलं माउंट तिसऱ्या आवृत्तीचंच होतं आणि बदलायची परवानगी नव्हती. म्हणून स्टोरेज सर्व्हरवरच क्यूएमू-एनबीडी (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमूसोबतचा प्रोग्रॅम) चालवून डिस्क एनबीडीने, म्हणजे डिस्क नेटवर्कवरून देणाऱ्या प्रोटोकॉलने, बाहेर काढली. सीक-डेटा तिथल्या स्थानिक फाइलसिस्टिमला विचारलं जातं आणि उत्तर एनबीडीच्या ब्लॉक स्टेटसमधून, म्हणजे कुठे डेटा आणि कुठे भोक याच्या नकाशातून, पलीकडे पोचतं. मशीन चालू असतानाच मूळ रॉ, म्हणजे साधी, डिस्क गोठवून वर क्यूकाऊ-टूचा ओव्हरले, म्हणजे फक्त बदल साठवणारा थर, चढवला, नवं लिखाण ओव्हरलेत जाऊ दिलं आणि खालची डिस्क शांतपणे हलवली. हा टप्पा नीट झाला. दुसरा टप्पा, म्हणजे मशीन थोडा वेळ बंद ठेवून ओव्हरलेतला फरक नव्या डिस्कवर चढवणं, संस्थेने विकत घेतलेल्या टूलकडे होता.

मूळ आणि कॉपी क्यूएमू-इमेज कम्पेअर या तुलनेच्या कमांडमधून काढली. ते पहिल्या फरकाशीच थांबतं. मला सगळे फरक हवे होते, म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहून दोन्हीकडचा प्रत्येक बाइट वाचायला लावला, कुठल्याही नकाशावर विसंबून एकही भोक न गाळता. वेळ गेला, पण यादी बघण्यासारखी होती. प्रत्येक फरक ६५,५३६ च्या पटीवर सुरू होत होता आणि प्रत्येक ठिकाणी मुळात शून्यं होती, कॉपीत मात्र मजकूर. आणि हा मजकूर कचरा नव्हता. पूर्वी पुसल्या गेलेल्या एका टेबलाची जुनी पानं होती ती, व्यवस्थित, वाचता येणारी. डेटा हरवलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. पुसलेला डेटा कॉपी करताना परत आलेला पाहिला नव्हता.

पोस्टग्रेसने ते का पकडलं, हे मॅडमनी समजावलं. टेबल वाढवताना तो शून्यांची पानं लिहून ठेवतो आणि पूर्ण शून्य पान म्हणजे अजून न वापरलेलं पान, असं मानतो. तिथे जुनं पान सापडलं तर ते एकटं पाहिल्यास ठीक वाटतं, पण चेकसममध्ये पानाचा क्रमांकही मिसळलेला असतो. दुसऱ्या जागेचं पान इथे आलं की ते उघडं पडतं.

ती शून्यं ओव्हरलेत कशी नोंदली होती, हे बघायला मी फाइलच हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटांत, उघडली. क्यूकाऊ-टूमध्ये प्रत्येक क्लस्टरची एल-टू तक्त्यात आठ बाइटांची एक नोंद असते. एका तक्त्यात ८,१९२ नोंदी, म्हणजे एक तक्ता ५१२ एमबी सांभाळतो. नोंद पूर्ण शून्य असेल तर अर्थ: हा क्लस्टर माझ्याकडे नाही, खालच्या डिस्कला विचारा. आणि नोंदीचा फक्त शेवटचा बिट १ असेल तर अर्थ: इथे शून्यं आहेत, खाली काहीही असो. आतल्या मशीनने शून्यं लिहिली किंवा ट्रिम (ही जागा आता नको, असं सांगणारी आज्ञा) पाठवलं, की जागा न घेता हा बिट उभा राहू शकतो, म्हणजे खालचा जुना मजकूर झाकला जातो. ही सोय फॉरमॅटच्या तिसऱ्या आवृत्तीत आली आणि माझ्या मते अख्ख्या फॉरमॅटमधली ती सर्वात विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. यादीतला एकेक ऑफसेट घेऊन नोंदी पाहिल्या. सगळीकडे सात बाइट शून्य आणि आठवा ०१.

टूलने हा बिट गमावला होता. त्याने ओव्हरले खालच्या डिस्कशिवाय, एकटाच उघडला आणि एनबीडीला अलोकेशन, म्हणजे कुठे जागा घेतली आहे, ते विचारलं. एनबीडीचं उत्तर दोन खुणांचं असतं, भोक आणि शून्य, आणि त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. जागा घेतलेली पण शून्य, असं असू शकतं. जागा नाही आणि वाचल्यावर काय मिळेल याची खात्रीही नाही, असंही असू शकतं. पण ओव्हरलेखालची डिस्कच काढून घेतली, की 'खाली विचारा' म्हणणारा क्लस्टरही शून्यच वाचला जातो. मग झाकणारं शून्य आणि नसलेला क्लस्टर या दोघांचं उत्तर एकच येतं: भोक, शून्य. टूलने भोक म्हणून दोन्ही सोडून दिले. नव्या डिस्कवर त्या जागी पहिल्या टप्प्यात आलेला जुना मजकूर तसाच राहिला.

हा फरक विचारता येतच नाही असं नाही. पूर्ण साखळी, म्हणजे ओव्हरले आणि खालची डिस्क एकत्र, उघडून विचारलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं. क्यूएमू ५.२ पासून एनबीडीवर अलोकेशन-डेप्थही मागता येते, कुठला थर उत्तर देतो ते तिथे कळतं. डिस्कचा नकाशा देणाऱ्या क्यूएमू-इमेज मॅपमध्ये ६.१ पासून प्रेझेंट हा रकाना नेमका याचसाठी आहे. एक अडचण खरी आहे: मॅपमध्ये सर्वात वरचा थर ० असतो, एनबीडीत तो १ असतो आणि तिथे ० म्हणजे कुठेच नाही. असे आकडे ठरवणाऱ्यांनी एकत्र बसायला हवं होतं. तरी हे सगळं कागदपत्रांत लिहिलेलं आहे.

टूलवाल्या कंपनीशी कॉल झाला, आणि माझा राग आहे तो त्या कॉलवर. चूक त्यांनी मान्य केली. मी विचारलं, पडताळणीत हे का नाही सापडलं? कारण त्यांची पडताळणी फक्त लिहिलेले भाग परत वाचून हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवते. सोडून दिलेले भाग ती बघतच नाही. "होल आहे सर, तिथे व्हेरिफाय करण्यासारखं काहीच नसतं," हे त्यांच्या वरिष्ठ इंजिनिअरचं उत्तर. ज्या नकाशावरून कॉपी केली, त्याच नकाशावरून ती तपासली. असल्या हिरव्या पट्टीला पडताळणी म्हणू नये, असं मी तिथेच सांगितलं आणि अहवालातही लिहिलं.

भोकांवर भरवसा ठेवून फटका बसणं नवं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएस या फाइलसिस्टिममधली चूक गाजली होती: नुकतंच लिहिलेलं पण डिस्कवर न उतरलेलं काही वेळा भोक म्हणून कळवलं जायचं, आणि कॉपीत शून्यं यायची. पण तिथे उत्तरच चुकीचं होतं. इथे क्यूएमूने विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न अपुरा होता.

ती डिस्क आम्ही पूर्ण साखळी उघडून पुन्हा हलवली आणि बाइटाला बाइट लावून तपासली. ते काम मिटलं. मिटलं नाही ते आधीचं. याच टूलने त्याआधी इतर मशीनच्या डिस्क हलवल्या होत्या, ठरलेली मुदत संपल्यावर त्यांचे मूळ पुसले गेले, आणि आता तुलना करायला काही नाही. ट्रिम झालेल्या जागी जुने बाइट परत आले असतील तर बहुधा बिघडत नाही, कारण फाइलसिस्टिम मोकळ्या जागेत डोकावत नाही. पण एखाद्या फाइलमध्ये मुद्दाम शून्यं लिहिली असतील, तर आज तिथे दुसरंच काही असू शकतं, आणि आतल्या प्रोग्रॅमकडे चेकसम नसेल तर तो ते खरं मानून वाचेल.

मी प्रत्येक डिस्कच्या मालकांना लिहिलं: स्थलांतराआधीचा फाइलनिहाय बॅकअप असेल तर फाइलींचे हॅश जुळवा, नसेल तर तसं कळवा. बॅकअप असलेल्यांपैकी काहींनी जुळवून पाहिलं, फरक सापडला नाही. एका विभागाकडे बॅकअप डिस्कच्या इमेजचाच होता, आणि तोही नव्या स्टोरेजवर आल्यानंतर घेतलेला. त्यांनी विचारलं, आमची डिस्क बरोबर आहे असं लेखी देता का? तसं देता येणार नाही, असं मी कळवलं आहे. संस्थेतल्या काहींना हे उत्तर आवडलेलं नाही. दुसरं कुठलं खरं उत्तर देता आलं असतं, हे त्यांच्यापैकी कुणी अजून सांगितलेलं नाही.