गाळलेलं नाव

मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध पुन्हा फिरत आला. आधी बरं वाटलं. मग पाहिलं, तर छापला कुणी याचा पत्ताच नाही. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती मिशनच्या पत्राचं नाव गाळलेलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या वाट्याला हे नेहमीचंच.

१८५५. पेशवाई बुडून चाळीस वर्षंही झाली नव्हती. जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली चौदाएक वर्षांची मांगाची पोर लिहिते की, तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महारांची डोकी उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्यांचा चेंडू करत, तलवारीचा दांडू करत. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, तेही लिहिते. आणि हे कोपऱ्यातलं चार ओळींचं पत्र नव्हे. पाक्षिकाचे लागोपाठ दोन अंक, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च. तेव्हा दुसरं कोण एवढी जागा देणार होतं?

पण मग दुसरं टोचायला लागतं. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते. मिशनला हा प्रश्न सोयीचाच. 'ज्ञानोदय' निघाला तोच सुवार्तेसाठी: जून १८४२, अहमदनगर, अमेरिकन मराठी मिशन, संपादक बॅलंटाइनसाहेब. तो प्रश्न नसता तर निबंध घेतला असता का? नाव गाळणाऱ्यांना हेच खुपत असेल. मलाही खुपतं, आणि तरी गाळलेलं सहन होत नाही.

निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी पोरवयात याच मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली छपाईचे खिळे पाडायला शिकले. पुढे त्यांच्याच निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं शास्त्र्यांच्या घरोघरी गेली. कसब कुठून आलं, म्हणून कुणी पोथी परत केली नाही. हे आठवलं आणि राग बराच उतरला. हेतू मिशनचा होता, निबंध मुक्ताचाच राहिला. दोन्ही खरं, आणि दोन्ही सांगता येतं.

पाठवणाऱ्यांना एवढंच कळवलं: खाली 'ज्ञानोदय' लिहा, दोन्ही तारखांसकट. मिशनचं पत्र होतं, हेही लिहा.