सूत्र नंतर, आधी लिहून काढा

अकरावी सायन्सला गणितातल्या परम्युटेशन-कॉम्बिनेशनची, म्हणजे क्रमाने मांडायचे आणि नुसते निवडायचे प्रकार मोजण्याच्या धड्याची, दहशत आधीपासूनच होती. बारावीची पोरं सांगायची, हा धडा सोडून द्या, परम्युटेशनचा पी लावायचा की कॉम्बिनेशनचा सी हे शेवटपर्यंत कळत नाही. चाळीसगावच्या आपल्या शाळेत आम्हाला मात्र तो सोडावासा वाटला नाही आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या गणिताच्या सरांना.

सरांनी पहिला आठवडाभर सूत्र काढलंच नाही. फळ्यावर अ, ब, क, ड अशी चार पोरं लिहायची आणि म्हणायचे, यातून एक मॉनिटर आणि एक उपमॉनिटर निवडा, सगळ्या जोड्या वहीत लिहा. १२ निघायच्या. मग म्हणायचे, आता दोघांना नुसतं खडू आणायला पाठवायचंय, परत लिहा. आता अब काय आणि बअ काय, सारखंच, म्हणून ६ च उरायच्या. तिघं घेतले की २४ चे थेट ४ व्हायचे, कारण तेच तिघं आपापसात ६ प्रकारे जागा बदलतात. हे स्वतःच्या हाताने खोडलेलं असलं की पुढे सूत्रात आर फॅक्टोरियलने (१ ते आर आकड्यांच्या गुणाकाराने, तिघांसाठी ६ ने) का भागायचं हे कुणी सांगावं लागत नाही. कुठलंही गणित आलं की सरांचा एकच प्रश्न, "क्रम बदलला तर काही बदलतं का रे?"

कबड्डीच्या १२ जणांतून मैदानात उतरणारे ७ किती प्रकारे निवडाल, तर ७९२. आणि बाहेर बसणारे ५ निवडले तर? तेही ७९२, कारण ७ निवडले की ५ आपोआप बाहेर बसलेच! एनसीआर (एन जणांतून आर निवडायचे प्रकार) आणि एनसीएन-वजा-आर सारखे का, हे त्या दिवशी मागच्या बाकापर्यंत पोचलं.

पण मला सगळ्यात भारी वाटायचं ते सर मुद्दाम चुकीचं गणित करून दाखवायचे तेव्हा. ५ मुलगे, ४ मुली, तिघांची कमिटी, निदान एक मुलगी हवीच. सर शांतपणे लिहायचे, आधी ४ मधून एक मुलगी घ्या, मग उरलेल्या ८ मधून कोणतेही दोन, ४ गुणिले २८, उत्तर ११२. सगळे माना डोलवायचे. मग विचारायचे, अट काढून टाकली तर ९ जणांतून तिघांच्या कमिट्या किती होतात? ८४. मग अट घातल्यावर ११२ कुठून आल्या? वर्ग गप्प. मग कळायचं की दोन मुली असलेली कमिटी दोनदा मोजली गेली आणि तीन मुलींची तीनदा. एका मुलीच्या ४०, दोघींच्या ३०, तिघींच्या ४, मिळून ७४, आणि ८४ मधून नुसत्या मुलग्यांच्या १० वजा केल्या तरी ७४ च. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की सरांचा चेहरा खुलायचा.

पाटणादेवी आपल्या तालुक्यातच, त्यामुळे भास्कराचार्य वर्गात यायचेच. तिथल्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे हे सर अभिमानाने सांगायचे आणि मग भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातलं सहा रसांचं गणित घालायचे, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, यातले एक, दोन, तीन असे घेत गेलं तर चवी किती? ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. ११५० साली लिहिलेलं गणित आम्ही बाकावर बसून सोडवतोय याचं केवढं अप्रूप वाटायचं!

आता मी पुण्यात सीईटीचे क्लास घेतो. पोरं घाईत असतात, दीड तासात गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात त्यांना, शॉर्टकट द्या म्हणतात. तरी मी आधी अ, ब, क, ड लिहायलाच लावतो. शाळेत आज अकरावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, पोर्शन कितीही मागे असो, तो पहिला बिनसूत्राचा आठवडा तेवढा गाळू नका.