तुमच्या कोडमुळे कुणाचे नुकसान झाले, तर?

‘फुकट दिले म्हणून जबाबदारी संपते का?’ हा प्रश्न मला पुण्यातल्या ओपन सोर्सच्या, म्हणजे कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मेळाव्यांत, ऑफिसातल्या चहाच्या वेळी आणि अलीकडे नातेवाइकांकडूनही ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्येच काम करतात, त्यामुळे लायसन्समधला (वापराच्या परवान्यातला) ‘जसे आहे तसे, कोणतीही हमी नाही’ हा परिच्छेद त्यांना पाठ असतो. आजवर मी त्याच परिच्छेदाकडे बोट दाखवून विषय आवरता घेत आलो आहे. तेवढ्याने माझेच समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

अनेक फायली एकत्र करून त्यांची झिप फाइल बनवणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये बसवता येणारा तयार कोड, मी नोकरी सांभाळून चालवतो. ती कुठे कुठे वापरली जाते, हे मला माहीत नसते, आणि लायसन्सनुसार कुणी मला ते कळवण्याची गरजही नाही.

काही वर्षांपूर्वी जर्मनीतील एका निवृत्त गृहस्थांचे मला पत्र आले. घरच्या बॅकअपसाठी त्यांनी एका कंपनीचे उपकरण विकत घेतले होते. संगणकाची डिस्क गेल्यावर त्यांनी त्यातला बॅकअप उघडायला घेतला, तेव्हा फाइल अर्धवट निघाली. त्यांच्या दिवंगत पत्नीने नातवंडांसाठी स्वतःच्या आवाजात वाचून ठेवलेल्या गोष्टी त्या फाइलमध्ये होत्या. कंपनीने त्यांना कळवले की दोष बाहेरून घेतलेल्या घटकात आहे. तो घटक कुणाचा, हे शोधताना उपकरणाच्या सेटिंगमधल्या लायसन्सच्या पानावर त्यांना माझे नाव आणि ईमेलचा पत्ता सापडला. ते नाव तिथे असणे ही आमच्या लायसन्सची एकमेव अट आहे: कोड कुणीही वापरावा, विकावा, बदलावा, फक्त स्वामित्वहक्काची ओळ काढू नये. कंपनीचा ग्राहक कक्ष उत्तर देत नव्हता आणि माझा पत्ता समोर होता, म्हणून त्यांनी मला लिहिले. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

मी उपकरणाची लॉग फाइल, म्हणजे त्याने केलेल्या कामाच्या नोंदींची फाइल, मागवून घेतली. तिच्यात एका ओळीवर माझ्या लायब्ररीने दिलेली सूचना होती की फाइल ४ जीबीची मर्यादा ओलांडत आहे, पुढचे लेखन थांबवले आहे. तिच्या लगेच खाली, त्याच सेकंदाची नोंद असलेल्या ओळीवर, उपकरणाच्या स्वतःच्या प्रोग्रामने लिहिले होते: बॅकअप यशस्वी. झिपच्या मूळ रचनेत आकार ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे ही मर्यादा येते. माझ्या त्या व्हर्जनसोबतच्या माहितीत ती स्पष्ट लिहिलेली होती आणि पुढच्या व्हर्जनमध्ये झिप६४ची (मोठ्या फायली चालवणाऱ्या झिपच्या विस्तारित रचनेची) सोय करून ती उठवलीही होती. कंपनीने जुनेच व्हर्जन ठेवले, लायब्ररीने परत दिलेला एरर कोड (काम पूर्ण झाले नाही हे सांगणारा आकडा) तपासला नाही, आणि ग्राहकाला पडद्यावर महिनोन्‌महिने यशाची हिरवी खूण दाखवली.

झिपमधल्या प्रत्येक फाइलच्या आधी ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होणारी खूण असते, त्यामुळे शेवटची अनुक्रमणिका नसली तरी त्या खुणांचा माग काढत आतल्या फायली सोडवता येतात. मी त्यासाठी एक लहान प्रोग्राम लिहिला आणि मर्यादेच्या अलीकडच्या गोष्टी त्यांना परत मिळवून दिल्या. पलीकडच्या गोष्टी डिस्कवर कधी लिहिल्याच गेल्या नव्हत्या. त्यांनी मनापासून आभार मानले आणि शेवटी एक प्रश्न विचारला: तुमच्या प्रोग्रामला पुढे लिहिता येत नव्हते, तर तो मला दिसेल असा बंद का पडला नाही?

मी उत्तर दिले की लायब्ररीने एरर कळवायचा असतो. तिला वापरणारा अख्खा प्रोग्राम पाडायचा नसतो, कारण तीच लायब्ररी एखाद्या सर्व्हरमध्ये किंवा रुग्णालयातल्या यंत्रात चालत असेल, तर तिथे अचानक बंद पडण्याने याहून मोठा अनर्थ होईल. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या मला आजही बरोबर वाटते आणि लायब्ररी आजही तशीच वागते. त्यांचे त्यावर पत्र आले नाही. तरीही कुणी जबाबदारीचा प्रश्न काढला की मला लायसन्सच्या आधी त्यांचे ते वाक्य आठवते.

आता कायद्याविषयी. सप्टेंबर २०२२मध्ये युरोपीय आयोगाने उत्पादन दायित्वाच्या (सदोष उत्पादनाने झालेले नुकसान कुणी भरून द्यायचे, याच्या) नव्या निर्देशाचा, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमांचा, आणि सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्टचा, म्हणजे डिजिटल उत्पादनांच्या सायबर सुरक्षेच्या कायद्याचा, असे दोन्ही मसुदे मांडले, तेव्हा मी संतापलो होतो. हे लागू झाले की रेपॉझिटरी (लायब्ररीचा कोड ठेवलेली सार्वजनिक जागा) बंद करणार, असे मी ऐकेल त्याला सांगत होतो. सॉफ्टवेअर हे ‘उत्पादन’ ठरणार आणि पीडित व्यक्तीपुढे करारातली जबाबदारी नाकारणारी कलमे चालणार नाहीत, एवढे दोनच मुद्दे मी वाचले होते आणि तेवढ्यावर लायसन्सचा आमचा परिच्छेद निकामी झाला असे धरून चाललो होतो. २०२४मध्ये मंजूर झालेल्या अंतिम निर्देशात मात्र दुसऱ्याच कलमात म्हटले आहे की व्यावसायिक व्यवहाराबाहेर विकसित केलेल्या किंवा पुरवलेल्या मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरला तो लागू नाही. एखाद्या कंपनीने असे सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात बसवले आणि त्यातील दोषामुळे नुकसान झाले, तर उत्तर त्या कंपनीने द्यायचे, हेही प्रास्ताविकात आहे. ९ डिसेंबर २०२६नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना हे लागू होईल, म्हणजे त्या गृहस्थांच्या उपकरणाला नाही.

जे मी कायद्याविरुद्ध ओरडून सांगत होतो, तेच कायद्याने लिहून ठेवले आहे. पाणपोईचे पाणी बाटल्यांत भरून कुणी विकले, तर तक्रार विकणाऱ्याकडे जावी, एवढेच माझे म्हणणे होते. १९८५च्या जुन्या निर्देशात सॉफ्टवेअर बसते की नाही, यावरच वाद होता. नव्या निर्देशात खासगी वापराचा डेटा नष्ट होणे हेही नुकसान मानले आहे. पण भरपाई मुख्यतः आर्थिक हानीची. भावनिक हानीचे काय, ते प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडले आहे. एका आवाजाचे मोल कोणते न्यायालय कसे ठरवील, हे मला सुचत नाही.

‘पुण्यात बसून युरोपची चिंता कशाला?’ असेही विचारतात. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून विनामोबदला सेवा वगळलेली आहे, आणि तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच, विक्रीकराच्या खटल्यात का होईना, म्हटले आहे. तेव्हा हा प्रश्न फक्त परदेशातला नाही. शिवाय माझी लायब्ररी विकत घेतलेल्या उपकरणांतून तिकडच्या घरांत पोहोचलेलीच आहे.

मला अस्वस्थ करतो तो ‘व्यावसायिक व्यवहार’ हा शब्दप्रयोग. नफ्याचा हेतू नसलेली देणगी घेतल्याने कुणी व्यावसायिक ठरत नाही, असे सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्टचे प्रास्ताविक सांगते. पण प्रत्यक्ष खर्चाहून अधिक पैसे घेऊन तांत्रिक मदत दिली, तर ते व्यावसायिकतेचे लक्षण धरले आहे. म्हणजे फुकटात, रात्री जागून, थकलेल्या डोळ्यांनी केलेल्या दुरुस्त्यांवर दायित्व नाही, आणि तेच काम नीट करता यावे म्हणून कुणी पोटापाण्यापुरते मानधन देऊ केले की कदाचित आहे. आधीचा मी इथे लगेच म्हणाला असता की हा अन्याय आहे. आजचा मी तसे ठामपणे म्हणू शकत नाही, कारण पैसे घेणाऱ्याने उत्तर द्यावे, हे तर मीच त्या कंपनीबद्दल म्हणत होतो. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

सध्या एका उत्पादक कंपनीने वर्षभराच्या देखभालीचा करार माझ्यापुढे ठेवला आहे. रक्कम अशी आहे की नोकरीचे तास कमी करून मला लायब्ररीकडे खरोखर लक्ष देता येईल. निर्देशात एक तरतूद आहे की सॉफ्टवेअरचा घटक पुरवणारा उद्योग सूक्ष्म किंवा लहान असेल, तर त्याच्याकडून भरपाईची रक्कम वसूल करण्याचा हक्क मोठी कंपनी कराराने सोडू शकते. ते कलम करारात घालावे, असे मी त्यांना लिहिले आहे. त्याने पीडित व्यक्तीचा हक्क कमी होत नाही. ती माझ्याविरुद्ध थेट दाद मागू शकते, आणि मागावी असे मला वाटते की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. कंपनीच्या कायदा विभागाने विचार करायला मुदत मागितली आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत मी सही करणार नाही, आणि मदतीसाठी येणाऱ्या पत्रांना पूर्वीसारखीच, एक पैसा न घेता उत्तरे देत राहीन.