लिस्बनचा गरम घाणा

लिस्बनला मित्रमंडळी शनिवार-रविवार जमली की पहिला वाद ठरलेला: पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली कुरकुरीत छोटी टार्ट, कुठला भारी? बेलेम भागातल्या जुन्या दुकानाचा, की मान्तेगारिया या दुकानाचा? दुकानाची पाटी बघण्यापेक्षा ट्रे भट्टीतून कधी निघाला ते बघावं. आत्ता निघालेला साधा पास्तेल सकाळच्या नामांकित पास्तेलला सहज मागे टाकतो. मान्तेगारियात तर नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. ती ऐकू आली की बोलणं थांबवून काउंटर गाठायचा.

तरी बेलेमला जायचंच. 1834 साली पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि जेरोनिमुश मठाची म्हणून सांगितली जाणारी कृती शेजारच्या दुकानात आली. 1837 पासून तिथे हे पास्तेल विकले जातात, आणि ‘पास्तेल द बेलेम’ हे नाव फक्त त्यांचंच. बाकी सगळे ‘द नाता’. काइश दु सोद्रे स्टेशनहून बेलेमला थांबणारी कश्काइशची लोकल पकडावी, ट्रॅमच्या चेंगराचेंगरीपेक्षा बरी. शक्यतो सकाळी लवकर पोहोचावं. बाहेर लांबच लांब दिसते ती बहुतेकदा बांधून नेणाऱ्यांची रांग असते. आत निळ्या फरशांच्या दालनांमागून दालनं आहेत, तिथे बसायला जागा बरेचदा लवकर मिळते.

पास्तेल हातात आला की आधी उलटा करून बघा. तळाला गोल गोल वळं दिसली तर कारागीर पक्का. लोण्याच्या घड्या घातलेली मैद्याची पोळी वळकटीसारखी गुंडाळतात, तिचे दोनेक सेंटीमीटरचे तुकडे करतात, तुकडा कापलेल्या बाजूवर साच्यात ठेवतात आणि गार पाण्यात बुडवलेल्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेतात. अंगठा गरम असला की लोणी वितळतं, पदर एकमेकांना चिकटतात आणि कुरकुरीतपणा गेलाच म्हणून समजा.

घरी करायचे तर 12 नगांना पाव लिटर दूध, 30 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम साखर, 100 मिलिलिटर पाणी आणि 6 पिवळे बलक पुरतात. साखरेच्या पाकात दालचिनीची कांडी आणि लिंबाची साल उकळायची, पाक मैदा घालून दाट केलेल्या दुधात ओतायचा आणि मिश्रण कोमट झाल्यावरच बलक घालायचे. घाई केली तर बलकांची भुर्जी होते. साचे पाऊणच भरावेत, काठोकाठ भरले तर मिश्रण उतू जाऊन साच्याला चिकटून बसतं. खरी अडचण आचेची. दुकानातल्या भट्ट्या 300 अंशांच्या वर तापतात, घरचा ओव्हन जेमतेम 250 गाठतो. आच कमी पडली की कवच भाजेपर्यंत आतलं कस्टर्ड फाटतं आणि वर काळे डाग पडतच नाहीत. डाग म्हणजे करपणं नव्हे, ती साखर जळल्याची चव हवीच.

वरून कडक आच देण्याची रीत गोव्यातल्या बेबिंकेतही आहे: झाकणावर निखारे ठेवून एकेक थर भाजायचा. बलक आणि साखर तीच, पण दुधाच्या जागी नारळाचा रस आणि लोण्याच्या जागी तूप.

रविवारी लिस्बनजवळचं सिंत्रा. रॉसियू स्टेशनहून लोकलने साधारण 40 मिनिटं. तिथल्या पिरिकिता दुकानातला त्रावेसेइरू, म्हणजे बदाम आणि बलकांचं सारण भरलेली उशीसारखी पफ पेस्ट्री, गरमच खावा. ताज्या चीजची छोटी टार्ट, म्हणजे केइजादा, मात्र गारही चालते. पोर्तुगीज मठांच्या मिठाईत बलकांची चंगळ असते. चौघांत एक घ्यावी, सुरीने वाटावी आणि सोबत बिनसाखरेची ‘बिका’, म्हणजे इथली एस्प्रेसो. एकट्याने तीन प्रकार खाल्ले की जीभ बधिर होते आणि चौथा कितीही चांगला असला तरी नुसता गोड लागतो. अंडं न खाणाऱ्यांची इथे पंचाईतच. बदाम-बलकांच्या तोसिन्यू दु सेउ या मिठाईत पूर्वापार डुकराची चरबीही घालतात, तेव्हा वर्ज्य असेल त्यांनी आधी विचारून घ्यावं.

परतीच्या विमानात डबा न्यायचा असेल तर दालचिनी आणि पिठीसाखरेच्या पुड्या वेगळ्या मागून घ्या. पास्तेल फ्रिजमध्ये ठेवू नका, पदर मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी 200 अंशांवर पाचेक मिनिटं ओव्हनमध्ये ठेवले की बरेचसे सावरतात. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका, कवच चामट होतं.