तीन पेनींसाठी कुणी बंड करतं का?

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवायला घेतलं की वर्गात हा प्रश्न हमखास येतो. एखाद्या लग्नात "मॅडम इतिहास शिकवतात" अशी ओळख निघाली तर जेवणाच्या पंगतीतही येतो. पौंडभर चहावर तीन पेनी कर, तेवढ्यासाठी कुणी बंड करतं का हो? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तेवढ्यासाठी नाहीच केलं. 1773 मध्ये मॅसेच्युसेट्स या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत, बोस्टन बंदराला आलेला आणि पुढे पाण्यात ओतला गेलेला चहा तर तस्करीच्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. ब्रिटिश पार्लमेंटने तिला इंग्लंडमधली जकात माफ केली, अमेरिकेतल्या वसाहतींत थेट माल पाठवायची मुभा दिली. (चहा चीनचा बरं का. आसामच्या मळ्यांना अजून अवकाश होता. हे ऐकून वर्गाचा जरा हिरमोड होतो.)

लंडनचं म्हणणंही अगदीच गैर नव्हतं. सात वर्षांचं युद्ध 1763 मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर सुमारे 13 कोटी पौंडांचं कर्ज होतं. फ्रेंचांना कॅनडातून हुसकावल्याचा फायदा वसाहतींना झाला, तर खर्चाला थोडा हातभार लावा, एवढंच. 1764 मध्ये परदेशी मळीवरचा कर गॅलनला सहा पेनींवरून तीनवर आणला. म्हणजे निम्मा केला! पण सहा पेनी कुणी भरतच नव्हतं. जकातवाल्याचा हात ओला केला की पिंपं उतरायची. आता तीन पेनी खरोखर वसूल होणार, म्हणून व्यापारी बिथरले. पुढच्या वर्षीचा मुद्रांक कर, त्यावरून झालेला दंगा आणि 1766 मध्ये कायदा मागे घेणं तुम्हाला ठाऊक असेलच. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही घोषणाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं, जे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात. 1767 मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली, आणि तिच्या उत्पन्नातून वसाहतींतले गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देण्याची सोय केली. गोम इथे आहे. मॅसेच्युसेट्सचा गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार मंजूर करायची तिथली विधानसभा. गव्हर्नर जास्त ताठ वागायला लागला की पगाराचा ठराव रेंगाळायचा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे लंडनलाही कळत होतं. त्यांनी पोळीच आपल्या ताटातून वाढायचं ठरवलं.

1770 मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची मुद्दाम ठेवली. 1772 मध्ये बातमी आली की मॅसेच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांना आता राजाकडून पगार मिळणार. त्यावर बोस्टनच्या नगरसभेत सॅम्युएल ॲडम्स यांनी पत्रव्यवहार समिती काढली आणि गावोगाव पत्रं गेली. हे ॲडम्स पूर्वी बोस्टनचे करवसुली अधिकारी होते आणि लोकांकडून वसूल न केलेल्या हजारो पौंडांची थकबाकी मागे ठेवून बाहेर पडले होते. लोकांत ते उगीच लोकप्रिय नव्हते! 1774 मध्ये मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर राजाचा पगार सोडेनात, तेव्हा विधानसभेने त्यांच्यावर महाभियोग आणला. पुढे त्यांच्यासमोर ज्युरी म्हणून शपथ घ्यायलाच लोक तयार होईनात. न्यायालय उघडं, न्यायाधीश खुर्चीत, आणि खटला चालवायला ज्युरीच नाही.

चहाच्या पेट्यांकडे आता या नजरेने बघा. कर भरला गेला असता तर तो याच पगारात जाणार होता. 'डार्टमाउथ' जहाजाची जकात भरायची वीस दिवसांची मुदत 17 डिसेंबरला संपत होती, त्यानंतर माल सरकार जप्त करणार. गव्हर्नर हचिन्सन जहाज परत जाऊ देईनात. चहा विकायचा मक्ता ज्यांना मिळाला होता त्यांत त्यांचे दोन मुलगेही होते. 16 तारखेच्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या फोडून पाण्यात ओतल्या गेल्या. लंडनने बंदर बंद केलं, नगरसभांवर बंधनं घातली, आणि 1775 च्या एप्रिलमध्ये मॅसेच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावात गोळी सुटली आणि युद्धाला तोंड फुटलं.

शंका असेल तर 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून वाचा. राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. न्यायाधीशांचे पगार राजाने आपल्या मर्जीवर ठेवले, ही तक्रार आधी येते. संमतीशिवाय कर लावले, ही बरीच खाली आहे.

मग विद्यार्थी विचारतात, स्वातंत्र्यानंतर कर कमी झाले का? छे. युद्धाचं कर्ज फेडायला मॅसेच्युसेट्सने इतके कर लावले की 1786 मध्ये शेतकऱ्यांनी, त्यांतले बरेच जुने सैनिक, न्यायालयांचं कामकाज बंद पाडलं. या वेळी ॲडम्स कठोर शिक्षा मागणाऱ्यांत होते. त्यांचं म्हणणं, आता कर लावणारे तुम्हीच निवडून दिलेले आहेत.