शहाबादी फरशीवरचा अशोक

सोलापुरात जुन्या घरात वाढलेल्या माणसाला शहाबादी फरशीचं काय कौतुक असणार, आमची अख्खी शाळेची सुट्टी त्याच फरशीवर पालथं पडून गेली, उन्हाळ्यात गार लागते म्हणून. त्यामुळे कर्नाटकातल्या सन्नतीला गेलो तेव्हा मी फरशी बघायला चाललोय असं डोक्यातही नव्हतं. मित्राची कुलदेवी तिथली चंद्रलांबा, त्याला ओटी भरायला जायचं होतं, गाडीत एक सीट रिकामी होती, एवढंच.

पहाटे निघालो. अक्कलकोटवरनं गुलबर्गा, मग शहाबाद. शहाबादच्या आसपास खाणी दिसायला लागतात, दगड वहीच्या पानांसारखा थराथरांनी बसलेला, पहार घालून उचकटला की फरशीच निघते.

देवळात गर्दी होती, दर्शनाचं मी थोडक्यात आवरतो. सांगण्यासारखी गोष्ट आवारातल्या कालीच्या देवळाची आहे. 1986 साली त्याचं छप्पर कोसळलं, मूर्ती भंगली, आणि साफसफाई करताना मूर्तीखालच्या दगडावर अक्षरं दिसली. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, अशोकाचे आदेश! कधीतरी कुणीतरी त्या दगडाला मूर्ती बसवायला मधोमध भोक पाडलं, तेवढी अक्षरं गेली ती गेलीच. पण त्या माणसावर राग तरी कसा धरायचा, त्याला चांगला सपाट दगड हवा होता, मिळाला. ओडिशात धौली आणि जौगडला जे खास वेगळे आदेश आहेत, ‘सगळी माणसं माझी लेकरं’ म्हणणारे, ते इथेही आहेत.

तिथून दोन-तीन किलोमीटरवर भीमेच्या काठाला कनगनहळ्ळी. भीमा म्हणजे आपलीच, पंढरपूरवरनं आलेली. 1994 नंतर पुरातत्त्व खात्याने इथे खोदकाम केलं आणि मोठा स्तूप निघाला, शिलालेखांत त्याचं नाव ‘अधोलोक महाचैत्य’. मी गेलो तेव्हा बरीच शिल्पं जमिनीवर आडवी मांडून ठेवली होती, मित्र एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "का बे, फरशी बघायला एवढ्या लांब आलो व्हय?"

बोलला चेष्टेत पण मुद्दा बरोबर होता की. स्तूप म्हणजे मुळात अस्थी-अवशेषांवर रचलेला ढिगारा. सांचीलाही आत विटांचा जुना स्तूप आहे आणि दगडाचं आवरण मागाहून चढवलंय. इथे आवरणाला फरशीचाच हा चुनखडीचा दगड वापरला, मऊ, बारीक कणांचा. आपल्या भाजे-कार्ल्याला असा दगडच नाही, तिथे काळा कातळ, म्हणून तिथल्या लोकांनी डोंगरच आतून कोरला, वर लाकडी घरासारख्या खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्यासुद्धा बसवल्या. इथे डोंगर नाही पण फरशी आहे, मग फरशीवरच चित्रकथा. खाली पूर्वेला आंध्रातल्या अमरावतीलाही असाच चुनखडीचा दगड आणि तीच नाजूक धाटणी. मला तर वाटतं कुठे काय घडणार हे राजापेक्षा दगडानेच जास्त ठरवलं.

जातककथा म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी आहेत, सातवाहन राजे आहेत, आणि बऱ्याच शिल्पांखाली नावं कोरलेली आहेत, हे फार भारी आहे कारण सांचीत कोण कोणता राजा हे अंदाजाने सांगावं लागतं. जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दिसतच नाही. रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष, चक्र, आणि भोवती हात जोडलेले लोक. नंतरच्या काळातल्या मात्र चक्क उभ्या बुद्धमूर्ती. म्हणजे इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून तिसऱ्या शतकापर्यंतचा अख्खा बदल एकाच आवारात पायाखाली.

मग वॉचमनमामांनी हाक मारली, "इल्ली नोड्री." माझं कानडी ‘ऊट आयतू’च्या, म्हणजे ‘जेवण झालं’च्या पुढे जात नाही, पण ‘इथे बघा’ एवढं कळलं. राजा, शेजारी राणी, मागे छत्र-चवरी धरणाऱ्या बायका, आणि ब्राह्मीत लिहिलंय ‘राया असोको’. खरा अशोक असाच दिसायचा असं कुणी समजू नये, हे कोरलं गेलं तोवर त्याला जाऊन शेकडो वर्षं झाली होती. तरी नावासकट अशोक समोर बघितल्यावर मी पाच मिनिटं गप्प होतो, मित्रही गप्प, आणि तो गप्प बसणारा माणूस नाही.

नदीकाठी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही खाल्लं. सावली अशी नाहीच तिथे, टोपी आणि पाणी न्या बाबांनो.

येताना शहाबादला मित्राने गाडी थांबवली, गच्चीवर टाकायला फरशीचा भाव विचारायचा म्हणून. दुकानदार म्हणाला पॉलिशवाली देऊ का रफ. आमचा गडी एक फरशी उलटी करून मागची बाजू बघत बसला.

"काय बघतोस बे?"

"काय नाय, म्हटलं लिहिलंय का काय."